बटण दाबलं, पुढे काय झालं? रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स तपासायला शिकताना

महापेला नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात एक तक्रार माझ्या वाट्याला आली. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीसाठी आम्ही तक्रारी नोंदवायचं ॲप करत होतो. पाणी आलं नाही, लिफ्ट बंद आहे, अशा रोजच्या तक्रारी. एके दिवशी सेक्रेटरीकाकांचा फोन आला. "अहो, लोक तक्रार टाकतात, 'नोंद झाली' असं हिरव्या अक्षरांत येतं, पण यादीत काहीच नाही."

मी तीन संध्याकाळी कोड वाचत बसले. फॉर्मचा कोड बरोबर, डेटाबेसचाही बरोबर. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, "कोड नंतर वाच गं. आधी गेलं काय आणि आलं काय ते तरी बघ." त्यांनी माझ्याच मशीनवर ब्राउझरचा नेटवर्क टॅब (पानाने सर्व्हरला पाठवलेल्या रिक्वेस्ट आणि सर्व्हरची उत्तरं, म्हणजे रिस्पॉन्स, दाखवणारी जागा) उघडला आणि मला बटण दाबायला सांगितलं. एका बटणामागे दोन ओळी आल्या. पहिली पोस्ट (माहिती पाठवायची रिक्वेस्ट), कोड ३०१, म्हणजे 'पत्ता बदललाय'. दुसरी गेट (माहिती मागायची रिक्वेस्ट), कोड २००, म्हणजे 'ठीक आहे'.

झालं होतं असं: आमच्या पत्त्याच्या शेवटी स्लॅश नव्हता. सर्व्हरने ३०१ देऊन सांगितलं, "स्लॅशवाल्या पत्त्यावर जा." ३०१ किंवा ३०२ मिळालं की ब्राउझर पोस्टची गेट करून पुढे जातो आणि सोबतचा मजकूर मागेच राहतो. गेटला सर्व्हरने इमानदारीत जुन्या तक्रारींची यादी दिली, कोड २००. आमच्या पानाने २०० पाहून 'नोंद झाली' दाखवलं. लोकांच्या तक्रारी एका स्लॅशपायी हवेत विरत होत्या, आणि मी तीन दिवस जिथे चूक नव्हतीच तिथे शोधत होते.

तुमचे असे तीन दिवस वाचावेत म्हणून हे लिहितेय. वेब ॲपमध्ये काहीही बिघडलं की पहिला प्रश्न हाच: चूक पाठवण्यात आहे, उत्तरात आहे, की उत्तर नीट येऊनही ते दाखवण्यात आहे? याचं उत्तर अंदाजाने काढायचं नसतं. ते डोळ्यांनी बघता येतं.

हाताशी काय हवं

- क्रोम, एज किंवा फायरफॉक्स. सफारी वापरत असाल तर सेटिंग्जमधल्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन डेव्हलपरसाठीची सोय आधी चालू करावी लागते.
- कर्ल किंवा पोस्टमन, रिक्वेस्ट ब्राउझरबाहेरून पाठवून बघायला.
- चाचणीसाठी वेगळं खातं. खऱ्या रहिवाशाच्या खात्यात शिरून तपासू नका.
- मोबाइलवर तपासायचं असेल तर डेटा जाणारी यूएसबी केबल. काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. फोन लॅपटॉपला दिसत नसेल तर आधी केबल बदला.
- परवानगी. आपली किंवा ज्यांचं काम घेतलंय त्यांचीच साइट तपासा. दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये परवानगीवाचून शिरलात तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली कारवाई होऊ शकते.

१. आधी टॅब उघडा, मग बटण दाबा

एफ१२ दाबा, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि आय एकत्र. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि आय. वर 'नेटवर्क' दिसेल. ही उघडलेली साधनं म्हणजे डेव्हटूल्स. ती उघडी असतील तेव्हापासूनच्याच रिक्वेस्टची नोंद होते. आधी घडून गेलेलं मागाहून दिसत नाही. म्हणून उघडा, पान रीलोड करा, आणि मग चूक पुन्हा घडवून आणा.

आता दोन खुणा करा. 'प्रिझर्व्ह लॉग' चालू करा, नाहीतर पान बदललं की यादी पुसली जाते. लॉगिन, पेमेंट यांसारख्या ठिकाणी पान बदलतंच, आणि नेमकी हवी ती ओळ निघून जाते. दुसरी खूण 'डिसेबल कॅश' (कॅश म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेली आधीची प्रत). ती डेव्हटूल्स उघडी असेपर्यंतच चालते. "माझ्याकडे तर नवीन दिसतंय, तुमच्याकडे जुनं कसं?" या वादाचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं: तुमच्या मशीनवर कॅश बंद, ग्राहकाच्या मशीनवर चालू.

२. आपली ओळ शोधा

एक साधं पान उघडलं तरी चित्रं, फॉन्ट, स्क्रिप्ट मिळून शंभरेक ओळी येतात. 'फेच/एक्सएचआर' वर टिचकी मारा, म्हणजे कोडने मागवलेला डेटाच उरतो. फिल्टरच्या चौकोनात पत्त्यातला एखादा शब्द टाका.

ओळ मिळालीच नाही तर? तीही मोठी माहिती आहे. रिक्वेस्ट निघालीच नाही, म्हणजे दोष आपल्या पानात. कन्सोल (डेव्हटूल्समधला चुका दाखवणारा टॅब) बघा, तिथे बहुधा लाल अक्षरांत काहीतरी सापडतं. अशा वेळी बॅकएंडवाल्यांना (सर्व्हरची बाजू सांभाळणाऱ्यांना) फोन करू नका.

ओळ आहे पण स्टेटसच्या जागी 'कॅन्सल्ड' लिहिलंय, हा नवशिक्यांना हमखास गाठणारा प्रकार. फॉर्मच्या आत बटण ठेवलं आणि त्याचा प्रकार लिहिला नाही, तर ते आपोआप सबमिटचं बटण होतं. दाबलं की तुमचा कोड रिक्वेस्ट पाठवतो, आणि त्याच क्षणी ब्राउझर फॉर्म सबमिट करून पान रीलोड करतो. अर्ध्या वाटेवरची रिक्वेस्ट तुटते. 'प्रिझर्व्ह लॉग' नसेल तर हे दिसतसुद्धा नाही, पान नुसतं लुकलुकतं.

'साइझ'च्या रकान्यात 'डिस्क कॅश' किंवा 'मेमरी कॅश' दिसलं तर ते उत्तर सर्व्हरकडून आलेलंच नाही. मग सर्व्हरच्या लॉगमध्ये ते सापडणार कसं?

३. काय पाठवलं ते वाचा

ओळीवर टिचकी मारली की 'हेडर्स', 'पेलोड', 'प्रिव्ह्यू', 'रिस्पॉन्स', 'टायमिंग' असे भाग उघडतात. वरून खाली या क्रमाने बघा: पत्ता, मेथड (पोस्ट की गेट), हेडर (रिक्वेस्टसोबतच्या सूचना), पेलोड (पाठवलेला मजकूर).

पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. टेस्टिंगच्या सर्व्हरऐवजी लाइव्हवर जातोय का? शेवटचा स्लॅश? मध्येच 'अनडिफाइन्ड' असा शब्द आलाय का? आला असेल तर आयडी मिळायच्या आधीच रिक्वेस्ट सुटली आहे.

पत्त्यात मराठी आलं की माणसं बिचकतात. शोधाच्या चौकटीत 'ठाणे' लिहा आणि पत्ता बघा. टक्क्याची चिन्हं, आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची ३६ चिन्हांची माळ दिसेल. ते बरोबरच आहे. ठ, काना, ण आणि मात्रा ही चार चिन्हं. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे १२. आणि एकेक बाइट पत्त्यात ३ चिन्हांनी लिहिला जातो. १२ त्रिक ३६. पण त्या माळेत प्रत्येक टक्क्याच्या चिन्हामागे २५ हा आकडा दिसू लागला, तर समजा की हे रूपांतर, म्हणजे एन्कोडिंग, दोनदा झालंय. टक्क्याच्या चिन्हाचंच पुन्हा एन्कोडिंग झालं की तो २५ येतो. मग सर्व्हरला 'ठाणे' नाही, ती माळच शब्द म्हणून मिळते आणि शोध रिकामा येतो.

मोबाइल नंबरचंही असंच. अधिक ९१ ने सुरू होणारा नंबर पत्त्यातल्या पॅरामीटरमध्ये जसाच्या तसा टाकला, तर सर्व्हर त्या अधिक चिन्हाची मोकळी जागा करून वाचतो. नंबर जुळत नाही, ओटीपी जात नाही, आणि सगळे एसएमएसवाल्यांच्या मागे लागतात. पॅरामीटर लावताना एन्कोडिंग करून घ्या.

पेलोडमध्ये 'व्ह्यू सोर्स' दाबा. ब्राउझर आधी नीटनेटकी मांडणी दाखवतो. तुम्हाला हवं असतं ते प्रत्यक्ष गेलेलं. फ्लॅट ०३०४ चा आकडा करून पाठवलात तर पुढचं शून्य गळून ३०४ उरतो. मजकूर म्हणून पाठवलात तर टिकतो. हा फरक अवतरणचिन्हांवरून तिथेच कळतो.

फाइल अपलोडला एक मोठा खड्डा आहे. फॉर्म-डेटा पाठवताना 'कन्टेन्ट-टाइप' (मजकूर कुठल्या प्रकारचा ते सांगणारा) हेडर हाताने लिहू नका. ब्राउझर त्यात 'बाउंडरी' नावाची खूण स्वतः घालतो, आणि त्या खुणेवरूनच सर्व्हर फाइल कुठे सुरू होते नि कुठे संपते ते ओळखतो. तुम्ही हाताने हेडर लिहिला की खूण जाते आणि सर्व्हरला काहीच उलगडत नाही.

४. काय आलं ते वाचा

आधी स्टेटस कोड. सगळे पाठ करायची गरज नाही. ४ ने सुरू झाला तर सर्व्हर म्हणतोय की तुमच्या रिक्वेस्टमध्ये काहीतरी चुकलंय, ५ ने सुरू झाला तर त्याच्याकडेच बिघडलंय. रोज भेटणारे एवढे ओळखा:

- ४०१: तुम्ही कोण ते सिद्ध झालं नाही. टोकन (लॉगिननंतर मिळणारी ओळखीची किल्ली) नाही, चुकीचं आहे किंवा मुदत संपली.
- ४०३: ओळख पटली, पण या कामाला परवानगी नाही. पुन्हा लॉगिन करून फरक पडत नाही.
- ४०५: पत्ता बरोबर, मेथड चुकली. पोस्टची गेट झाली का, बघा.
- ४१३: पाठवलेलं फार मोठं. एनजिनएक्समध्ये (आपल्या ॲपच्या पुढे उभा असणारा सर्व्हर) मर्यादा बदलली नसेल तर ती १ एमबी असते, आणि फोनने काढलेला फोटो सहज त्याच्या वर जातो.
- ४२९: थोड्या वेळात फार रिक्वेस्ट.
- ५०२ आणि ५०४: पुढच्या सर्व्हरला मागच्याकडून धड उत्तर मिळालं नाही, किंवा वेळेत मिळालं नाही. ५०४ दर वेळी बरोबर ६० सेकंदांनी येत असेल तर एनजिनएक्सचा मुळातला टाइमआउट ६० सेकंदांचा आहे हे आठवा.

आणि २०० म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका. माझी सुरुवातीची गोष्ट २०० चीच आहे. कोड पाहिल्यावर लगेच रिस्पॉन्सचा 'कन्टेन्ट-टाइप' बघायची सवय लावा. जेसन (डेटा पाठवायची मांडणी) हवं होतं आणि एचटीएमएल (आख्ख्या पानाचा मजकूर) आलं असेल, तर बहुधा सेशन संपलंय आणि सर्व्हरने लॉगिनचं पान धाडलंय. कन्सोलमध्ये 'अनएक्स्पेक्टेड टोकन' आणि त्यापुढे कोनी कंस दिसतो तो यामुळेच. तो कंस एचटीएमएलच्या पहिल्या ओळीचा असतो.

५. कॉर्स: लाल अक्षरांवर लगेच विश्वास ठेवू नका

यावर मी जरा थांबणार आहे, कारण नव्या मुलामुलींचे सर्वांत जास्त तास इथे जातात.

ब्राउझर एका ओरिजिनच्या पानाला दुसऱ्या ओरिजिनचं उत्तर सहजासहजी वाचू देत नाही. ओरिजिन म्हणजे स्कीम (एचटीटीपी की एचटीटीपीएस), होस्ट (साइटचं नाव) आणि पोर्ट (त्या मशीनवरच्या दाराचा क्रमांक), तिन्ही मिळून. तुमच्या मशीनवर फ्रंटएंड (दिसणारं पान) पोर्ट ३००० वर आणि एपीआय (त्याला उत्तरं देणारा सर्व्हर) पोर्ट ८००० वर असेल, तरी ती दोन वेगळी ओरिजिन. सर्व्हरने हेडरमधून "याला वाचू द्या" म्हटलं तरच उत्तर तुमच्या कोडच्या हाती पडतं. या परवानगीच्या व्यवस्थेचं नाव कॉर्स. जेसन पाठवायचं असेल किंवा ऑथरायझेशनचा हेडर असेल, तर ब्राउझर आधी 'ऑप्शन्स' मेथडने विचारून घेतो. तीच 'प्रीफ्लाइट' नावाची जादा ओळ.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे आलेली एक मुलगी रडवेली होऊन आली. "ताई, फोटो टाकला की कॉर्स येतं. फोटोशिवाय तक्रार जाते. पोस्टमनमधून तर सगळंच चालतं." मी विचारलं, "पोस्टमनमध्ये कुठला फोटो घेतलास?" तिने डेस्कटॉपवरचं एक छोटं चित्र घेतलं होतं. ब्राउझरमधून मात्र फोनवरचा चार एमबीचा फोटो जात होता. पुढचा एनजिनएक्स त्याला ४१३ देऊन तिथूनच परतवत होता. कॉर्सचे हेडर लावणारं आमचं ॲप मागे होतं, तिथवर रिक्वेस्ट पोचतच नव्हती. ४१३ च्या उत्तरावर ते हेडर नसल्याने ब्राउझर कॉर्सची ओरड करत होता. तिने दोन दिवस कॉर्सच्या सेटिंग बदलल्या होत्या.

म्हणून असं करा. कॉर्सची चूक दिसली की आधी विचारा: हेडर कधीच येत नाही, की फक्त अडचणीच्या वेळी येत नाही? एरवी येत असेल तर कॉर्स ठीक आहे, खरी चूक त्याच्याआड लपली आहे. स्टेटस कोड आणि सर्व्हरचा लॉग बघा. 'पोस्टमनमध्ये चालतं' हा कॉर्सबाबत पुरावा होत नाही, कारण हा नियम ब्राउझर पाळतो, पोस्टमन नाही. आणि कॉर्स बंद करणारी एक्स्टेन्शन टाकू नका. चूक तुमच्यापुरती दिसेनाशी होते, रहिवाशांसाठी तशीच राहते.

कुकीवर चालणारं लॉगिन असेल तर आणखी एक. कुकी पाठवायची असेल तेव्हा परवानगीच्या हेडरमध्ये 'सर्वांना' अर्थाची चांदणी चालत नाही, ओरिजिन स्पष्ट लिहावं लागतं.

६. तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवा

ओळीवर उजवी टिचकी, 'कॉपी', 'कॉपी ॲज कर्ल'. टर्मिनलमध्ये पेस्ट केलं की हेडर-कुकीसकट तीच रिक्वेस्ट जाते. पोस्टमनमध्येही ती आयात करता येते. आता एका वेळी एकच गोष्ट बदला. एक हेडर काढा, पाठवा. एक फील्ड बदला, पाठवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुटलं ते कळत नाही. फायरफॉक्समध्ये 'एडिट अँड रीसेंड' आहे, त्यासाठी मला तो क्रोमपेक्षा हाताला बरा वाटतो.

सांभाळा: पैसे कापणारी, एसएमएस पाठवणारी किंवा काही पुसणारी रिक्वेस्ट पुन्हा पाठवली तर ती खरोखर पुन्हा घडते.

७. हळू चालतंय म्हणजे नेमकं कुठे?

'टायमिंग' उघडा. 'वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स' लांब असेल तर वेळ बहुतेक सर्व्हर घेतोय. 'कन्टेन्ट डाउनलोड' लांब असेल तर सर्व्हरने पाठवलेला ऐवज मोठा किंवा नेट हळू. एचटीटीपी/१.१ वर क्रोम एका होस्टला एका वेळी ६ च जोडण्या करतो, त्यामुळे सातवी रिक्वेस्ट रांगेत उभी राहते.

ऑफिसच्या वेगवान नेटवर सगळंच छान वाटतं. तुमचा माणूस मात्र ठाणे-पनवेल गाडीत, ऐरोली गेलं की येणाऱ्या-जाणाऱ्या सिग्नलवर ॲप वापरत असतो. 'थ्रॉटलिंग'मध्ये (नेट मुद्दाम हळू करायची सोय) थ्रीजी लावून एकदा आख्खं ॲप वापरा. रिक्वेस्ट सुटल्यावर 'ऑफलाइन' करा. बटण दोनदा दाबलं जातं का, तक्रार दोनदा नोंदते का, ते बघा.

८. मोबाइलवर

अँड्रॉइड फोनच्या क्रोममधलं पान असेल तर प्रॉक्सीची (मध्ये उभं राहून सगळी ये-जा दाखवणारं साधन) गरज नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, यूएसबी डिबगिंग चालू करा, केबल लावा आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये 'इन्स्पेक्ट'चं पान उघडा. तोच नेटवर्क टॅब फोनसाठी मिळतो.

ॲपच्या आतलं बघायचं तर चार्ल्स, फिडलर किंवा मिटमप्रॉक्सी यांपैकी एखादी प्रॉक्सी. फोनच्या वायफायमध्ये प्रॉक्सी म्हणून लॅपटॉपचा आयपी आणि पोर्ट द्या (चार्ल्सचं सहसा ८८८८, मिटमप्रॉक्सीचं ८०८०), आणि त्या साधनाचं सर्टिफिकेट फोनमध्ये टाका. आयफोनवर सर्टिफिकेट टाकल्यावर 'अबाउट'मध्ये जाऊन त्यावर वेगळा विश्वास ठेवावा लागतो. अँड्रॉइड ७ पासून ॲप असं हाताने टाकलेलं सर्टिफिकेट मानत नाहीत, डिबग बिल्डमध्ये (ॲपच्या चाचणीच्या प्रतीत) तशी मुभा डेव्हलपरला लिहावी लागते. सगळं बरोबर करूनही फोन लॅपटॉपपर्यंत पोचत नसेल तर ऑफिसचं गेस्ट वायफाय उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नसेल. लॅपटॉप फोनच्याच हॉटस्पॉटवर घेऊन प्रॉक्सीचा खेळ जमत नाही, वेगळा राउटर मागा.

काम झालं की प्रॉक्सी आणि सर्टिफिकेट दोन्ही काढा. प्रॉक्सी राहिली तर दुसऱ्या दिवशी त्या वायफायवर फोनचं नेट बंद. सर्टिफिकेट राहिलं तर ते जास्त वाईट.

९. पुढच्याला पुरावा द्या, किल्ल्या नको

नेटवर्क टॅबमधून सगळी नोंद हार फाइल म्हणून उतरवता येते. क्रोम हल्ली कुकी आणि ऑथरायझेशनचे हेडर वगळलेली फाइल आधी देतो, तीच द्या. तरीही पेलोडमध्ये नाव, नंबर, पासवर्ड राहू शकतात, उघडून बघा. 'कॉपी ॲज कर्ल'मध्ये तर चालू टोकन असतंच. ते ग्रुपवर टाकणं म्हणजे कुणालाही तुमच्या खात्यात येऊ देणं. जेडब्ल्यूटी टोकन (टिंबांनी जोडलेल्या तीन भागांचं टोकन) कुठल्याही साइटवर पेस्ट करू नका. त्यातला मधला भाग गुप्त नसतो, बेस६४ उलटवून आपल्याच मशीनवर वाचता येतो.

तिकिटात (पुढच्याला पाठवायच्या चुकीच्या नोंदीत) एवढं लिहा: पत्ता, मेथड, पेलोड (खरी माहिती झाकून), स्टेटस कोड, रिस्पॉन्सची बॉडी, काय अपेक्षित होतं, आणि वेळ. रिस्पॉन्समध्ये रिक्वेस्ट आयडीचा हेडर असेल तर तोही.

वेळ लिहिताना ती कुठली ते लिहा. रिस्पॉन्सचा 'डेट' हेडर नेहमी जीएमटीत असतो आणि बहुतेक सर्व्हरचे लॉग यूटीसीत. आपण साडेपाच तास पुढे. संध्याकाळी ६:१० ला महापेत बसून पाहिलेली चूक लॉगमध्ये १२:४० ला शोधायची.